चोवीस द्वारांची नगरी : नेटवर्क स्विचवरील पोर्टगट आणि पॅकेटची गाळणी

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात, वह्यांच्या कपाटाच्या वर, भिंतीला एक लोखंडी पेटी बसविलेली आहे. तिच्या काचेतून रात्रंदिवस हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. दरवर्षी नव्याने दाखल झालेली मुले ‘हे काय आहे?’ असे विचारतात आणि अनेक वर्षे आम्ही ‘ते इंटरनेट आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होत असू. हे उत्तर चुकीचे आहे. त्या पेटीत जो चोवीस छिद्रांचा स्विच आहे, त्याच्या एकाच छिद्रातून इंटरनेट येते. उरलेली छिद्रे आपली आपल्यालाच जोडतात. कार्यालय, वाचनालय, संगणक कक्ष, मुलांचे वसतिगृह आणि मुलींचे वसतिगृह.

या स्मरणिकेसाठी शाळेच्या तांत्रिक वाटचालीवर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. संगणक किती आले, कोणत्या वर्षी आले, याची यादी अहवालात असतेच. आम्ही त्याऐवजी या एका पेटीविषयी लिहीत आहोत. तिच्यात आम्ही लिहिलेल्या एका ओळीमुळे सलग तीन रविवार वसतिगृहातील मुलांचे आईवडिलांशी बोलणे तुटले होते आणि ते आमच्यामुळे तुटले, हे आम्हांला ठाऊकही नव्हते. ती ओळ काय होती हे समजण्यासाठी स्विच, पॅकेट, पोर्ट आणि पोर्टगट या चार गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतील.

स्विचच्या आधीच्या काळात संगणक जोडण्यासाठी हब वापरीत. हबचे काम साधे होते. एका छिद्रातून आलेला विद्युत् संकेत तो उरलेल्या सर्व छिद्रांतून बाहेर टाकी. वर्गात एकाने दुसऱ्याला उद्देशून काही बोलावे आणि ते सर्वांना ऐकू जावे, तसे. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचेही वाया जाई. स्विच मात्र ऐकून लक्षात ठेवतो. प्रत्येक संगणकाच्या जाळे-कार्डाला एक ठरलेला पत्ता असतो. एखादे पॅकेट सातव्या छिद्रातून आले, तर ‘हा पत्ता सातव्या छिद्रापलीकडे राहतो’ अशी नोंद स्विच आपल्या तक्त्यात करतो आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेले पॅकेट फक्त सातव्या छिद्रातून पाठवितो. पत्ता तक्त्यात नसेल तरच तो सर्वत्र हाकाटी करतो. अशा प्रकारचा इथरनेट स्विच प्रथम बाजारात आणणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचे हे नाव ठेवले गेले. १९९० साली तिचा पहिला स्विच आला आणि १९९४ साली ती कंपनी सिस्को या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मुलांना हे सांगितले की त्यांना त्या पेटीविषयी उगाचच आपुलकी वाटू लागते, असा आमचा अनुभव आहे.

आता पॅकेट. संगणकाकडून जाणारा मजकूर, चित्र किंवा आवाज सलग प्रवाहाने जात नाही. तो लहान तुकड्यांत जातो. इथरनेटवरील अशा तुकड्याच्या आरंभी सहा बाइटांत घेणाऱ्याचा पत्ता, पुढील सहा बाइटांत पाठविणाऱ्याचा पत्ता आणि नंतरच्या दोन बाइटांत आतील मालाचा प्रकार लिहिलेला असतो. त्यानंतर ४६ ते १५०० बाइट माल आणि शेवटी तपासणीचे चार बाइट. (तज्ज्ञ याला ‘फ्रेम’ म्हणतात आणि तिच्या आतील भागाला ‘पॅकेट’. आम्ही येथे दोहोंना पॅकेटच म्हणणार आहोत.) आत आयपीचे पॅकेट असेल, तर त्यातही पुन्हा पत्ते असतात आणि एक क्रमांक असतो. टीसीपीसाठी ६, यूडीपीसाठी १७. टीसीपी ही पोच घेऊन पाठविलेल्या नोंदणीकृत पत्रासारखी व्यवस्था आहे. तुकडा हरवला तर तो पुन्हा मागविला जातो. यूडीपीत पोच नाही. बोलण्याच्या आवाजासाठी यूडीपीच सोयीची पडते, कारण हरवलेला शब्द दोन सेकंदांनी परत येऊन उपयोग नसतो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. आमची चूक येथेच झाली.

‘पोर्ट’ या शब्दाने नवशिक्यांचा फार गोंधळ उडतो, कारण तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिला पोर्ट म्हणजे स्विचवरील प्रत्यक्ष छिद्र, ज्यात तार खोचतात. दुसरा पोर्ट म्हणजे पॅकेटच्या आत लिहिलेला ० ते ६५५३५ यांमधील एक आकडा. पॅकेट संगणकापर्यंत पोहोचल्यावर ते कोणत्या कामासाठी आहे हे तो आकडा सांगतो. संकेतस्थळाचे सुरक्षित पान ४४३, नावावरून पत्ता शोधण्याची विचारणा ५३, नव्या संगणकाला पत्ता वाटून देणारी डीएचसीपी सेवा ६७. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात पहिल्याला आम्ही पोर्ट म्हणू आणि दुसऱ्याला सेवाक्रमांक.

गाळणी म्हणजे नियमांची उतरती यादी. पॅकेट स्विचच्या पोर्टात शिरताच त्याच्या आरंभीचे बाइट यादीतील नियमांशी ताडून पाहिले जातात. वरून पहिला जो नियम लागू पडेल तोच अंमलात येतो. खालचे नियम मग विचारातच घेतले जात नाहीत. म्हणून नियम कोणते, याइतकेच ते कोणत्या क्रमाने, हेही महत्त्वाचे. ‘सर्वांना प्रवेश’ हा नियम वर लिहून त्याखाली ‘अमुक एकास मज्जाव’ लिहिल्यास तो मज्जाव कधीच घडत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकांत बारीक अक्षरांत असते. बहुतेक स्विचांत यादी संपली आणि कोणताच नियम लागू पडला नाही, तर पॅकेट टाकून दिले जाते. म्हणजे एकच मनाईचा नियम लिहून जो समाधानाने घरी जातो, त्याने प्रत्यक्षात सर्वच दारे बंद केलेली असतात.

भदंतांनी वसतिगृहातील एका रविवारच्या धम्मदेसनेत संयुत्त निकायातील किंसुकोपम सुत्ताचा दृष्टांत सांगितला होता. ‘किंसुक’ हे आपल्याकडे माळावर फुलणाऱ्या पळसाचे पाली नाव. त्या सुत्तात तथागतांनी सीमेवरील एका तटबंद नगरीचे चित्र रेखाटले आहे. तिला सहा द्वारे आहेत आणि तेथे एक शहाणा द्वारपाल आहे. तो अनोळखी लोकांना अडवितो आणि ओळखीच्यांना आत सोडतो. नगरी म्हणजे हा देह, सहा द्वारे म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन ही आयतने, द्वारपाल म्हणजे स्मृती. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, कोणत्याही दिशेने दूतांची वेगवान जोडी आली आणि नगरीचा स्वामी कोठे आहे असे तिने विचारले, तर द्वारपाल तिला वाट दाखवितो. ती जोडी म्हणजे शमथ आणि विपश्यना. आम्हांला या दृष्टांतात नेहमी एक गोष्ट विशेष वाटते. चांगला द्वारपाल किती जणांना अडवितो, यावर तेथे भर नाही. निरोप आणणारे दूत आत पोहोचतात, यावर आहे. स्विचमधील गाळणी हा द्वारपालच खरा, परंतु त्याला स्मृती नाही. आधीच्या पॅकेटचे त्याला काहीही आठवत नाही. प्रत्येक पॅकेटकडे तो आयुष्यात प्रथमच पॅकेट पाहावे तसे पाहतो. चालू संभाषण लक्षात ठेवणारी यंत्रे असतात, त्यांना फायरवॉल म्हणतात. ती महाग असतात आणि आपल्याकडे नाही.

पोर्टगटांची गरज आम्हांला एका अपघाताने कळली. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयातील संगणकांवर एकही पान उघडेना. इंटरनेट पुरविणाऱ्यांकडे तक्रार केली, तर त्यांच्याकडून जोडणी व्यवस्थित असल्याचे उत्तर आले, आणि ते खरेही होते. दुपारी तीन वाजता उलगडा झाला. कोणीतरी सद्हेतूने, खोलीत वायफाय चांगले मिळावे म्हणून, घरून आणलेला एक जुना राउटर वसतिगृहातील तारेला जोडला होता. तो राउटर डीएचसीपी सेवा देऊ लागला. नवा संगणक सुरू झाला की तो सर्वांना उद्देशून ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतो आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचे तो सहसा ऐकतो. तो जुना राउटर उत्तर देण्यात चपळ निघाला. ‘बाहेर जाण्याचा रस्ता माझ्यातून आहे’ असे तो सर्वांना सांगत होता, आणि त्याच्यातून बाहेर जाण्याचा रस्ता नव्हताच. त्या दिवशी अर्ज रात्री साडेदहापर्यंत भरत बसलो. सर्व भरले गेले. एक जरी राहिला असता तर एका मुलाच्या वर्षाचा प्रश्न होता.

यावरचा उपाय सोपा आहे. डीएचसीपीचे उत्तर ६७ या सेवाक्रमांकावरून निघते. असे पॅकेट फक्त आपल्या खऱ्या राउटरच्या पोर्टातून यावे. अन्य कोणत्याही पोर्टातून आले तर ते टाकून द्यावे. नियम एकच, परंतु तो वीस-बावीस पोर्टांवर लावायचा. आरंभी आम्ही प्रत्येक पोर्टावर स्वतंत्र यादी लिहिली. दहा-बारा नियम झाल्यावर स्विचने जागा संपल्याचे सांगितले आणि शेवटच्या दोन पोर्टांना नियम मिळालेच नाहीत.

जागा का संपते, हे या विषयातील आम्हांला सर्वांत सुंदर वाटणारे प्रकरण आहे. नियम एकेक करून वाचत बसायला स्विचला वेळ नसतो. सेकंदाला लाखो पॅकेटे येऊ शकतात. म्हणून त्यात टीकॅम नावाची विशेष स्मृती असते. नेहमीच्या स्मृतीला आपण जागा सांगतो आणि ती तेथील मजकूर देते. हिला आपण मजकूर देतो आणि ती सर्व ओळी एकाच क्षणी तपासून जुळणारी पहिली ओळ सांगते. तिच्या प्रत्येक खणात ० किंवा १ याखेरीज तिसरीही एक खूण लिहिता येते : ‘काहीही चालेल’. अशी स्मृती महाग आणि वीजखाऊ असल्यामुळे तिच्या ओळी मोजक्या असतात. बारा नियम बावीस पोर्टांवर वेगवेगळे लिहिले तर २६४ ओळी लागतात. सेवाक्रमांकांचा पल्ला सांगायचा झाला तर आणखी पंचाईत. १०२४ ते ६५५३५ असा पल्ला शून्य, एक आणि ‘काहीही’ यांच्या भाषेत एका ओळीत लिहिताच येत नाही. त्याचे सहा तुकडे पडतात.

पोर्टगट येथे मदतीला येतो. ओळीत चोवीस खण राखून ठेवलेले असतात, प्रत्येक पोर्टासाठी एक. पॅकेट पाचव्या पोर्टातून आले, तर पाचव्या खणात १ आणि बाकी सर्व खणांत ० अशी त्याची ओळखपट्टी तयार होते. आता ‘१५ ते २१ या पोर्टांचा गट’ एकाच ओळीत कसा लिहावा? गटाबाहेरील प्रत्येक पोर्टाच्या खणात ० लिहावे आणि गटातील पोर्टांच्या खणांत ‘काहीही चालेल’ अशी खूण करावी. पॅकेट सतराव्या पोर्टातून आले असेल, तर त्याचा १ ‘काहीही’च्या खणात पडतो आणि ओळ जुळते. ते पाचव्यातून आले असेल, तर त्याचा १ शून्याच्या खणावर आदळतो आणि ओळ जुळत नाही. सात पोर्ट असोत की बावीस, ओळ एकच. २६४ ओळींचे काम बारा ओळींत होते. ही युक्ती आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर चोवीस चौकटी आखून करवून घेतली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, गटातल्यांची नावं न लिहिता बाहेरच्यांचीच लिहायची का?” त्याने नेमके मर्म पकडले होते.

मग आम्ही पोर्टांचे चार गट केले. पहिला आणि दुसरा पोर्ट, म्हणजे राउटर आणि ई-ग्रंथालयाचा सर्व्हर, हा ‘द्वार’ गट. तीन ते सहा ‘कार्यालय’. सात ते चौदा आणि वाचनालयाचा बाविसावा हा ‘अध्ययन’ गट. पंधरा ते एकवीस ‘वसतिगृह’. तेवीस आणि चोवीस बंद. हेच काम व्हीलॅन नावाच्या पद्धतीनेही करता आले असते. त्या पद्धतीत एकाच स्विचची जणू निरनिराळी बेटे होतात. तिचे मानक १९९८ सालचे असून तीत ४०९४ बेटांपर्यंत सोय आहे. परंतु बेटे केली की त्यांच्यामध्ये पूल बांधणारा राउटर लागतो आणि आपला राउटर साधा, घरगुती वापराचा आहे. शिवाय सर्व्हर आणि छपाईयंत्र सर्वांना सामाईक हवे होते. म्हणून जाळे एकच ठेवले आणि गाळणी गटवार लावली.

एक नमूद केले पाहिजे. आरंभी आम्ही मुलींच्या वसतिगृहाचा स्वतंत्र, पाचवा गट केला होता आणि त्याचे नियम अधिक कडक होते. का, असे कोणी विचारले असते तर ‘काळजीपोटी’ असे आम्ही म्हटले असते. बारावीच्या एका मुलीने खरोखरच विचारले. प्रवेशपरीक्षेच्या सरावाचे जे पान मुलांच्या वसतिगृहात उघडते ते आमच्याकडे उघडत नाही, हे तिने दोन्हीकडील वेळा लिहून दाखविले. सामाईक पाणवठ्यासाठी महाडला सत्याग्रह करणाऱ्यांचा वारसा सांगणाऱ्या शाळेत हा प्रश्न विद्यार्थिनीला विचारावा लागला, याची आम्हांला लाज वाटली. गट ही सोय आहे. कोणाला गटात घालायचे हे स्विच ठरवीत नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही वसतिगृहे एका गटात आली.

आता ती तीन रविवारांची गोष्ट. आपल्या आष्टी तालुक्यातील, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यातील, हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील त्या काळात कोठल्या तरी साखर कारखान्याच्या फडावर, कोपीत राहत असतात. शाळेत मुलांना स्वतःचा फोन ठेवता येत नाही. रविवारी सायंकाळी पाच ते सात या वेळात वसतिगृहातील चार टॅब्लेटवरून प्रत्येकाला दहा मिनिटे घरच्यांना पाहता व बोलता येते. वर्षाचे पाच-सहा महिने मुलांचे घर म्हणजे ती दहा मिनिटे.

त्या वर्षी रात्री उशिरा कोणीतरी वसतिगृहातून मोठमोठ्या फाइली उतरवून घेत होते आणि सकाळी सर्व्हरच्या प्रती पूर्ण होत नव्हत्या. ही वाहतूक यूडीपीने होते असे आम्हांला दिसले. आम्ही ‘वसतिगृह’ गटासाठी चौथी ओळ लिहिली : पत्ता मागणे आणि नाव विचारणे एवढे वगळून सर्व यूडीपी बंद. दुसऱ्या दिवशी तपासले. सर्व पाने उघडत होती. उघडणारच होती. आजचे ब्राउझर बऱ्याच संकेतस्थळांशी ४४३ या क्रमांकावर यूडीपीने बोलू पाहतात आणि तेथे उत्तर न मिळाल्यास मुकाट्याने टीसीपीकडे वळतात. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ही समाधान मानले.

रविवारी मुलांचे कॉल लागत, घंटी वाजे, समोरून उचलला जाई आणि पडदा काळा राही. शब्द तुटत, मग सारेच थांबे. ‘फडात रेंज नसेल’ असे अधीक्षकांनी सांगितले. आम्हीही तेच सांगितले. ते पटण्यासारखे होते, कारण फडात रेंज खरोखरच नसते. दुसऱ्या रविवारी तेच झाले. तिसऱ्या रविवारी पाचवीतील एक मुलगा जेवला नाही. त्याच्या ताईने, जी आठवीत आहे, एका बाईंच्या मोबाइलवरून तोच क्रमांक लावून पाहिला, तर आई स्वच्छ दिसली. ती ताई सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, रेंज आईकडं हाय. आपल्याकडं नाही.”

स्विचमध्ये प्रत्येक नियमापुढे एक मोजणी असते. तो नियम किती पॅकेटांना लागला हे ती दाखविते. आम्ही ती त्या दिवसापर्यंत कधी पाहिलीच नव्हती. टॅब्लेटवरून पुन्हा कॉल लावला आणि चौथ्या ओळीपुढचा आकडा पडद्यावर डोळ्यांदेखत पळू लागला. आईचा चेहरा आणि आवाज यूडीपीच्या पॅकेटांत भरून निघाला होता. मुलाचा आवाज मात्र आमच्याच पेटीत, पंधराव्या पोर्टाच्या उंबरठ्यावर, टाकून दिला जात होता. घंटी टीसीपीने जात होती म्हणून ती वाजत होती.

ओळ काढून टाकली. रात्रीच्या उतरवण्यांसाठी मनाईऐवजी ‘वसतिगृह’ गटाच्या पोर्टांवर रात्री दहानंतर वेगमर्यादा लावली. तिने काम भागले. त्या रविवारी पाच ते सातची वेळ आम्ही नऊपर्यंत वाढविली.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या आहेत. नवा नियम लिहायचा तर आधी तो ‘प्रवेश’ म्हणून लिहून आठवडाभर, रविवार धरून, फक्त त्याची मोजणी पाहावयाची. कोणाची पॅकेटे त्यात सापडतात हे कळल्यावरच त्याची मनाई करावयाची. आणि शेवटी ‘बाकी सर्व बंद’ लिहिण्यापूर्वी एआरपीला वाट आहे ना, हे पाहावयाचे. एआरपी म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी शेजाऱ्यांना दिलेली हाक. तिचा प्रकार-क्रमांक ०८०६, आयपीचा ०८००. आयपीचे नियम तिला लागत नाहीत, परंतु सरसकट मनाई लागते. मग सर्व काही पाच-दहा मिनिटे ठीक चालते आणि संगणकांच्या आठवणी पुसल्या गेल्या की एकेक करून बंद पडते. हाही अनुभव घेऊन झाला आहे. त्याची कथा लांबवीत नाही.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चार गटांचा तक्ता मराठीत लिहून चिकटविलेला आहे. प्रत्येक नियमापुढे तो कोणी, कधी व कशासाठी लिहिला याची नोंद आहे. चौथी ओळ खोडलेली आहे, पुसलेली नाही. यंदापासून तक्त्याची तपासणी नववीची दोन मुले आणि दोन मुली दर शनिवारी करतात. मोजण्यांचे आकडे ती वहीत उतरवून घेतात आणि एखादा आकडा अचानक वाढलेला दिसला, तर रविवारचे पाच वाजण्यापूर्वी आम्हांला येऊन सांगतात.